आणखी आहे का?

३ तारीख, मंगळवार

ही वही भिंगरीनं दिली. भिंगरी म्हणजे माझी नात, लेकीची मुलगी. लहानपणी एका जागी दोन पळं टिकायची नाही म्हणून हे नाव मीच ठेवलं. आता दिवसभर खुर्चीत बसून कॉम्प्युटरचे प्रोग्रॅम लिहिते, तरी नाव काही सुटलं नाही. नोकरी या गावात लागली म्हणून दोन वर्षं माझ्याकडेच राहते. म्हणाली, "आजी, दिवसभर माझ्याशी बोलतेस ते या वहीशी बोल, मला जरा काम करू दे." मी म्हटलं, वही हूं तरी म्हणते का? तर म्हणे, "मी तरी कुठे म्हणते?" खरंच आहे ते.

माझी शाळा चौथीपर्यंत. चौथीही अर्धीच, मग धाकट्या भावाला सांभाळायला घरी बसले. तेव्हा अक्षर कसं का असेना, वाचणारी मीच.

आज गुडघ्याच्या ऑपरेशनचा फॉर्म भरून आले. एकोणीस तारीख मिळाली. ज्या हॉस्पिटलात चौतीस वर्षं मदतनीस म्हणून राबले तिथेच आता खाटेवर पडायचं. भीती वाटते. आपल्याच वहीत लाज कसली, वाटते म्हणजे वाटते. लोकांच्या खाटा ढकलत ऑपरेशनच्या दारापर्यंत मी हजारदा गेले असेन, पण दार लागायचं तेव्हा मी बाहेर असायची.

पण एका गोष्टीनं छाती फुगली. खिडकीवरच्या कारकुनानं विचारलं, "आजी, कुठल्या औषधाचा त्रास होतो का?" मी म्हटलं, दोन. सल्फाच्या गोळीनं ओठ सुजतात, आणि पेनिसिलीनच्या सुईनं श्वास कोंडतो, एकदा मरता मरता वाचलेय. त्यानं दोन्ही टाइप केलं, मी काचेतून बघत होते. मग म्हणाला, "आता खाटेला कागद लटकवत नाहीत आजी. दोन आठवडे झाले, वॉर्डातल्या स्क्रीनवर लाल पट्टी येते, तिच्यात सिस्टरना सगळं दिसतं." मी म्हटलं, अहो, ती लाल पट्टी माझ्या नातीनं केलीय! रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असंच म्हटलं. मागचा माणूस म्हणाला, "मग तिला सांगून आमची रांगही जरा पुढे सरकवा." हसले सगळे. घरी येईपर्यंत गुडघा दुखला नाही.

४ तारीख, बुधवार

संध्याकाळी चहा घेताना तिला विचारलं, की मी खिडकीवर सांगितलेलं सिस्टरच्या स्क्रीनवर जातं तरी कसं? एरवी "तुला नाही कळणार" म्हणून मोकळी होते. आज स्वारी खुशीत होती.

म्हणाली, "सगळी माहिती एका मोठ्या कोठारात असते, त्याला डेटाबेस म्हणतात. त्या कोठारात आमच्या आधीच्या लोकांनी एक फंक्शन लिहून ठेवलंय. तू असं समज, की आत एक माणूस बसवलाय. त्याला पेशंटचा नंबर दिला की त्या पेशंटला न चालणारी औषधं तो शोधून देतो. माझा प्रोग्रॅम बाहेरून त्याला हाक मारतो, तो देईल ते घेतो आणि लाल पट्टीत लावतो."

मी म्हटलं, अगं, हा तर आमचा तळघरातला रेकॉर्डवाला!

तळघरात जाळीची खिडकी होती, तिच्यामागे तो बसायचा. पेशंटचा नंबर सांगितला की उठायचा, एक कागद आणून जाळीखालून सरकवायचा आणि पुन्हा बसायचा. पेशंटचे दोन कागद असोत की सात, एका वेळी एकच. आपण विचारायचं, "आणखी आहे का?" मग दुसरा. पुन्हा विचारायचं, मग तिसरा. असं करत करत तो "संपलं" म्हणेपर्यंत. तो संपलं म्हणाला की मगच पाठ फिरवायची. नव्या मुली वैतागायच्या, म्हणायच्या हा काय कागद देतोय की दात काढून देतोय. एकीनं एकदा पहिलाच कागद घेतला आणि पळाली, आणि मग... जाऊ दे. ते कशाला आता.

मी विचारलं, "तुझा आतला माणूस सगळं एकदम देतो, की आमच्यासारखं एकेक?"

"एकेकच," ती म्हणाली. "एक ओळ घ्यायची, मग पुढची आहे का विचारायचं, मग..." आणि थांबली.

बिस्कीट चहात बुडवलेलं होतं, ते तसंच विरघळून तळाला गेलं. मी म्हटलं, चमचा घे गं. तिनं ऐकलंच नाही. कप सोडून आत गेली, कॉम्प्युटर उघडला, दार लावून घेतलं. जेवायला हाक मारली तर भूक नाही म्हणाली.

माझ्या बडबडीला कंटाळली असेल. तळघर, जाळी, आजीच्या जुन्या कथा. कोणीही कंटाळेल.

७ तारीख, शनिवार

पोरगी तीन दिवस धड जेवत नाही. ताटात घास इकडून तिकडे ढकलते. काल भांडी घासताना एकदम मागे येऊन उभी राहिली आणि विचारलं, "आजी, तुला पेनिसिलीन चालत नाही, हे तू कारकुनाला आधी सांगितलंस की सल्फाचं आधी?" मी म्हटलं, सल्फा आधी. म्हातारी आधी ओठ सांगते, मग जीव. मला वाटलं हसेल. ती पांढरी पडली.

काय झालंय म्हणून विचारावं तर "काही नाही". माझ्या लेकीनंही असंच "काही नाही" म्हणत म्हणत लग्न ठरवलं होतं, त्यामुळे या शब्दावर माझा विश्वास नाही.

८ तारीख, रविवार

सुट्टी असून भिंगरी हॉस्पिटलात गेली. काम आहे म्हणाली. रविवारी कसलं काम? कोणी डॉक्टर-बिक्टर असावा. असू दे, हात स्वच्छ धुणारा नातजावई काय वाईट!

पण येताना चेहरा तसा नव्हता. प्रेमात पडलेली माणसं मी पाहिलीत, ती आरशाशी थांबतात. ही दारातच खाली बसली, चपलासुद्धा काढल्या नाहीत. विचारते काय, तर, "आजी, वॉर्डात खाटा किती गं? रोज नवे किती येतात? त्यांच्यातल्या किती जणांना दोन-दोन औषधं चालत नसतील?" मी म्हटलं, मला काय माहीत बाई, मी खाटा ढकलायची, मोजायची नाही. तिनं बोटांवर काहीतरी मोजलं आणि मोजता मोजता मूठच आवळली.

मला आता खरोखर भीती वाटायला लागलीय. गुडघ्याची नाही.

११ तारीख, बुधवार

आज फोनवर बोलताना कानावर पडलं. मुद्दाम नाही ऐकलं. म्हणजे, दाराशी उभी होते, पण झाडू हातात होता.

"साहेब, नवीन आवृत्ती एकवीसला चढवायची आहे ना, ती थोडी आधी चढवता येईल का?... नाही, नाही साहेब, तसं काही बिघडलेलं नाही. सहज विचारलं." फोन ठेवला आणि मोरीत गेली. नळ सोडला, तरी ओकारीचा आवाज यायचा तो आलाच.

आवृत्ती चढवणं म्हणजे नवीन प्रोग्रॅम हॉस्पिटलच्या मशीनवर घालणं, ते महिन्यातून एकदाच करतात, एवढं मला तिनं मागे सांगितलंय. आणि हेही सांगितलंय, की गेल्या महिन्यात तिच्या शेजारी बसणाऱ्याकडून एक चूक झाली, तर साहेबांनी त्याला दुपारच्या दुपारी घरी पाठवलं. त्याच्या टेबलावरचं छोटं झाड तिनं आपल्या टेबलावर आणून ठेवलंय. म्हणाली, पाणी कोण घालणार मग त्याला.

नोकरी जाणार आहे का हिची? विचारायची हिंमत होत नाही. विचारलं आणि तिनं हो म्हटलं तर?

१६ तारीख, सोमवार

उद्या भरती. साखर आणि रक्तदाब बघायला दोन दिवस आधी बोलावलंय. पिशवी भिंगरीनं भरली. टॉवेल, कंगवा, चष्म्याचं घर, ही वही. सगळ्यात वर एक कागद ठेवला, मोठ्या अक्षरात लिहिलेला. "पेशंटला दोन औषधं चालत नाहीत. सल्फा आणि पेनिसिलीन. दोन." दुसऱ्यांदा दोन लिहून खाली रेघ मारलेली.

"गेल्या गेल्या सिस्टरना दाखव. प्रत्येक पाळीच्या सिस्टरना."

मी म्हटलं, "अगं, कशाला? तुझी लाल पट्टी आहे ना?"

"तरी दाखव."

"लोक म्हणतील, नातीचा स्वतःच्याच कामावर भरवसा नाही."

यावर ती असं काही रडली, की मी आयुष्यात तिला तसं रडताना पाहिलेलं नाही. तान्ही होती तेव्हाही नाही. मी जवळ घेतलं. म्हटलं, वेडे, गुडघ्यानं कोणी मरत नाही. ती म्हणाली, "कागद दाखव आजी. शपथ घे."

शपथ घेतली. घेताना मनात म्हटलं, बघू.

१७ तारीख, मंगळवार

खाट नंबर बारा. खिडकीजवळची. ही खिडकी मी किती वर्षं पुसली असेल!

अकरावर शिंपीणबाई आहेत. पोटातले खडे काढायचे, उद्या सकाळीच त्यांचा नंबर. चाळीस वर्षं शिलाई मशीन चालवलं म्हणे. मला बघितल्याबरोबर म्हणाल्या, "तुमचा उजवा खांदा दोन बोटं खाली आहे. बादल्या वाहिल्या का?" मी म्हटलं, बादल्याही आणि माणसंही. लगेच गट्टी जमली. मग त्या सांगायला लागल्या, "मला या जगात तीन गोष्टी चालत नाहीत. ती ठणक्याची पांढरी गोळी, पेनिसिलीनची सुई आणि माझी थोरली जाऊ. पहिल्या दोन मी खिडकीवर लिहून दिल्यात, तिसरीला रकानाच नव्हता." पोट धरून हसलो, त्यांचं पोट दुखलंही.

संध्याकाळी सिस्टर स्क्रीनची गाडी ढकलत आल्या. लाल पट्टी मी पहिल्यांदाच डोळ्यांनी पाहिली. काय सुंदर लाल! सगळ्या वॉर्डाला सांगितलं की ही माझ्या नातीची. सिस्टर म्हणाल्या, "भाग्यवान आहात आजी." मग अकरा नंबरचं वाचलं, "ठणक्याची गोळी चालत नाही. बरं." पुढे बारा नंबरचं, "सल्फा चालत नाही. बरं."

पेनिसिलीनचं काही बोलल्या नाहीत. कागद पिशवीतून काढायचा होता. पण आताच एवढं सगळ्यांना ऐकवलं, आणि लगेच नातीच्या पट्टीवर चिठ्ठी काय लावायची? शिवाय पट्टीत नाही म्हणजे कारकुनानं गाळलं असेल. किंवा मीच सांगताना पुटपुटले असेन. वय झालंय. शिंपीणबाईही जरा फुगवूनच सांगत असतील, जावेचं नाही का फुगवून सांगितलं! स्क्रीन चुकणार नाही. आणि एकोणीसला अजून अवकाश आहे. कागद टॉवेलखाली सरकवला.



१८ तारीख, बुधवार, सकाळ

शिंपीणबाईंना झोपेची गोळी दिलीय, डोळे अर्धे मिटलेत. अर्ध्या तासात नेणार. नेण्याआधी जंतू होऊ नयेत म्हणून एक सुई देतात, ती आणायला सिस्टर गेल्यात. ती सुई कसली असते ते मला माहीत आहे. चौतीस वर्षं ट्रे धुतलेत.

लिहिल्याशिवाय मला विचार नीट करता येत नाही. एका वेळी एक लिहिते.

शिंपीणबाईंनी दोन सांगितली. पट्टीत एक.

मी दोन सांगितली. पट्टीत एक.

दोघींचं पहिलं सांगितलेलंच दिसतंय. दुसरं दोघींचंही नाही. एक कारकून एकदा गाळेल. दोघींचं दुसरंच कसं गाळेल?

भिंगरीनं विचारलं होतं, आधी कुठलं सांगितलंस.

कागदावर दोन हा शब्द दोनदा लिहिला.

बिस्कीट कपात पडलं ते मी "एकेक का" म्हणून विचारलं तेव्हा.

देवा, तिनं पहिलाच कागद घेतला आणि पळाली. माझ्या भिंगरीनं. जाळीपाशी उभी राहून आणखी आहे का ते विचारलंच नाही. आणि हे तिला ठाऊक आहे. एवढे दिवस ठाऊक आहे.

आता मी ओरडले तर तिची नोकरी जाईल. दुपारच्या दुपारी. मी गप्प राहिले तर

सिस्टर आल्या ट्रे घेऊन

१८ तारीख, दुपार

आधी हे लिहिते की शिंपीणबाई जिवंत आहेत. दुसरी सुई दिली, ऑपरेशन झालं, खडे बाटलीत घालून उशाशी ठेवलेत. बाकीचं आता सांगते.

सिस्टरनी शिंपीणबाईंच्या दंडावर कापूस फिरवला आणि मी ओरडले, "थांबा!" केवढा तो आवाज, माझाच मला ओळखू आला नाही.

सिस्टर म्हणाल्या, "काय झालं आजी? घाबरलात का? तुमचा नंबर उद्या आहे."

"त्यांना ती सुई चालत नाही. पेनिसिलीनच्या जातीची आहे ना ती?"

"स्क्रीनवर नाहीये तसं."

"स्क्रीनवर एकच दिसतं! आणखी आहे का ते विचारा!"

"आजी, स्क्रीनला विचारतात का कधी? मागे व्हा बघू."

मी शिंपीणबाईंना हलवलं, त्या "जाऊबाईंना सांगू नका" म्हणाल्या आणि पुन्हा झोपल्या. मग जे म्हणायचं नव्हतं ते म्हटलं. काल सगळ्यांना ज्या तोंडानं ऐकवलं त्याच तोंडानं. "सिस्टर, ती पट्टी माझ्या नातीनं केलीय आणि ती चुकलीय."

मी भिंगरीचा कागद काढून त्यांच्या हातात दिला. म्हटलं, माझीही दोन आहेत, माझंही एकच दिसतंय, खिडकीवर फोन करून आमच्या दोघींचे फॉर्म वाचायला सांगा. नाही निघालं काही, तर मला वेडी म्हणा. त्यांनी कागद पाहिला, मग फोन केला. ऐकता ऐकता त्यांनी सुई हळूच ट्रेमध्ये ठेवली. काच ठेवावी तशी.

त्यांच्याच फोनवरून मी भिंगरीला लावला.

"भिंगरे, तुझा प्रोग्रॅम आतल्या माणसाला एकदाच विचारतो का गं?"



"हो, आजी."

"कधीपासून माहीत आहे तुला?"

"बिस्कीट पडलं त्या दिवसापासून." मग म्हणाली, "तू बरी आहेस ना? तुला काही दिलं का त्यांनी?"

"मला नाही दिलं. शेजारच्या बाईंना देत होते."

"मी येते," म्हणाली. "सगळ्यांना सांगते. मी येते."

वीस मिनिटांत आली. दोन पायांत दोन वेगळ्या चपला. सिस्टरसमोर, मोठ्या डॉक्टरांसमोर आणि मागोमाग आलेल्या तिच्या साहेबांसमोर उभी राहून सांगितलं. फंक्शन सगळ्या ओळी देतं, पण माझा प्रोग्रॅम पहिली ओळ घेऊन थांबतो. तपासणीसाठी आम्ही जे खोटे पेशंट बनवले त्यांना प्रत्येकी एकेकच औषध लावलेलं होतं, म्हणून कोणाला कळलं नाही. मला चार तारखेला कळलं. एकवीसच्या आवृत्तीत गुपचूप दुरुस्त करणार होते. दोन आठवड्यांत काय होतंय, असं स्वतःला सांगत राहिले. आजीला मात्र चिठ्ठी दिली.



साहेब ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "दुरुस्ती आत्ता कर. बाकीचं नंतर बोलू." ती तिथेच, सिस्टरच्या टेबलाशी उभ्याउभ्या करत राहिली. सगळ्या वॉर्डांना निरोप गेले की स्क्रीनवर विसंबू नका, फॉर्म वाचा.

फॉर्म वाचले तेव्हा कळलं. या दिवसांत आणखी दोन पेशंटच्या अंगावर पुरळ उठून गेलंय. आणि वॉर्ड चारमधले एक आजोबा सोमवारपासून अतिदक्षता विभागात आहेत, श्वासाच्या मशीनवर. असं का झालं ते कोणाला उमगत नव्हतं. आता उमगलं.

काम संपल्यावर भिंगरी माझ्याकडे आली नाही. त्या आजोबांच्या दाराबाहेर बाकावर जाऊन बसली, आजोबांच्या मुलाशेजारी. सिस्टर सांगतात, तिनं त्याला स्वतःच सांगितलं. तो उठून गेला नाही.

मला राग आला होता. एवढी शिकलेली पोर, आपल्या आजीपुरती चिठ्ठी लिहिते आणि बाकीच्यांना वाऱ्यावर सोडते? मांजर डोळे मिटून दूध पितं तशी? समोर असती तर थोबाडीत दिली असती.

पण मी कोण देणार? आता ते लिहितेच, जे पहिल्या पानांत "जाऊ दे" म्हणून सोडलं.

पहिला कागद घेऊन पळालेली ती नवी मुलगी मी होते. एकोणीस वर्षांची. नोकरीला दुसराच महिना. डॉक्टरांनी स्वतः मला सांगितलं, खाट नंबर सातचे जुने कागद आण, आणि मला इतका आनंद झाला की जिना दोन-दोन पायऱ्या घेत उतरले. रेकॉर्डवाल्यानं एक कागद सरकवला. मी घेतला आणि पळाले. दुसऱ्या कागदावर त्या बाईला न चालणाऱ्या सुईचं लिहिलेलं होतं. संध्याकाळी खाट सातवरची चादर बदलायला मलाच सांगितलं.

चौकशी झाली. रेकॉर्डवाला म्हणाला, मीच एकच कागद दिला. त्याला दोन महिने घरी बसवलं. मी तिथेच उभी होते, तोंड उघडलं नाही. तो परत आला तेव्हा मी खिडकीशी गेले, त्यानं एक कागद सरकवला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "विचार." मी विचारलं, आणखी आहे का? त्यानंतर तो निवृत्त होईपर्यंत रोज त्याला चहा नेऊन दिला. माफी कधी मागितली नाही. त्या बाईच्या घरी तर कोणी नव्हतंच असं मी मानून चालले. विचारलं नाही.

माझ्या नवऱ्याला हे माहीत नव्हतं. लेकीला माहीत नाही.

भिंगरीला चौदा दिवस लागले. मला पंचावन्न वर्षं.

१९ तारीख, गुरुवार, सकाळ

आजोबांची श्वासाची नळी काढली. डोळे उघडलेत, अजून बोलत नाहीत. कारण कळल्यामुळे औषध बदलता आलं, असं डॉक्टर म्हणाले. वाचतील का, यावर "बघू" म्हणाले. डॉक्टरांचं "बघू" मला चांगलं ओळखीचं आहे, ते दोन्हीकडे पडतं.

साहेबांनी भिंगरीला आज चार वाजता बोलावलंय. टेबलावरचं झाड कोणाला द्यायचं ते तिनं ठरवून ठेवलंय.

शिंपीणबाईंना सगळं कळलं. भिंगरीला जवळ बोलावून वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "खांदे दोन्ही खाली आलेत तुझे. चाळीस वर्षांत मीही माप न घेता कापड कापलंय. पण कापड होतं ते, पोरी." एवढंच. माफ केलं की नाही, तिलाही कळलं नाही, मलाही नाही.

आता मला न्यायला येतील. घशाला कोरड पडलीय, पाणी द्यायचं नाही म्हणतात. आत्ताच सिस्टर स्क्रीन घेऊन आल्या होत्या. मागे भिंगरी उभी होती, भिंतीला चिकटून.

सिस्टरनी वाचलं, "सल्फा."

मी विचारलं, "आणखी आहे का?"

"पेनिसिलीन."

"आणखी आहे का?"

सिस्टरनी पट्टीवरून खालपर्यंत बोट फिरवलं. हसल्या नाहीत. म्हणाल्या, "संपलं, आजी."

हा शब्द ऐकून मला रडू येईल असं वाटलं नव्हतं.

चष्मा काढायला सांगतायत, म्हणून हे शेवटचं घाईत. भिंगरे, ही वही तुझ्या हातात देऊन मी आत जाते आहे. दार लागेल तेव्हा या वेळी बाहेर तू असशील. बसल्या बसल्या वाच. सुरुवातीला तुझ्या कौतुकाचंच आहे, ते वाचून सुखावशील आणि वही मिटशील. मिटू नकोस. पुढे आणखी आहे.